सासष्टीचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

पाऊस उघडला, आश्विनाचें ऊन पडूं लागलें आणि भात पिवळें झालें म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील जुन्या ख्रिस्ती गांवठाणांत आगेऱ्याची तयारी सुरू होते. ऑक्टोबरचा पहिला रविवार हा या सणाचा दिवस. अंधेरी, मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी इकडील लोक नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळांत नेतात, पाद्री त्यांवर देवाचा आशीर्वाद मागतो, आणि मग त्या वांटून घेऊन जो तो आपल्या घरीं नेतो. आगेरा हा शब्द शेत या अर्थाच्या एका लॅटिन शब्दावरून आला असें सांगतात. शेतें आतां बहुतेक गेलीं. त्यांच्या जागीं कारखाने व उंच इमारती उभ्या राहिल्या. कित्येक गांवठाणांत लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. तरी सण सुटलेला नाहीं. हे लोक रोमन पंथाचे असून १८८७ सालापासून ईस्ट इंडियन असें विलायती नांव घेऊन राहिले आहेत. परंतु घरची जुनी बोली मराठी, आणि लग्नांतलीं गाणींही मराठीच.

आमच्या देशावरील मंडळ्यांतही सुगीच्या उपासनेला बाजरीचीं कणसें, भोपळे, कोंबड्या असें ज्याला जें जमेल तें अर्पण येतें, आणि मग टाळमृदंगावर भजन होतें. हें सर्व आमच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, परमेश्वराची स्तुति मराठी ओवींत करण्यास कोणी तरी प्रथम धजला असला पाहिजे, ही गोष्ट मनांतही येत नाहीं. विचारलें तर पुष्कळांच्या तोंडीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें नांव येईल. आणि आपल्या मंडळ्यांपुरतें तें योग्यच आहे. परंतु टिळकांच्या जन्मापूर्वीं जवळजवळ अडीचशें वर्षें एका परदेशी माणसानें खेड्यांतल्या ख्रिस्ती लोकांकरितां अकरा हजारांच्या घरांत ओव्या रचल्या होत्या. त्या माणसाचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांची हकीकत आमच्या वाचकांस कळावी म्हणून हा लेख लिहिला आहे. ते आपल्या पंथाचे नव्हते. त्यांची हकीकत सांगतांना आपल्या व त्यांच्या अशा दोन्ही पंथांच्या कांहीं गोष्टी उघड कराव्या लागतील, त्या वाचकांनीं शांतपणें ऐकाव्या.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. साष्टी नांवाचे दोन मुलूख आहेत. एक मुंबईच्या उत्तरेचें बेट, ज्यांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सर्व येतात. दुसरा गोव्यांतील मडगांवाभोंवतालचा तालुका, ज्यास सासष्टी असेंही म्हणतात. दोन्ही नांवांचें मूळ सहासष्ट गांवांच्या समूहांत आहे असें सांगितलें जातें, दोन्ही मुलूख पोर्तुगीजांनीं घेतले, आणि दोन्हींत येशूसंघाच्या पाद्र्यांनीं काम केलें. मरोळजवळच्या कोंडिविटें गांवीं या पाद्र्यांनीं १५७९ सालीं योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या नांवानें एक देऊळ बांधलें. १८४० च्या सुमारास सांथीमुळें लोकांनीं तें सोडलें व मरोळास नवें देऊळ केलें. जुन्या देवळाच्या भिंती आज अंधेरीच्या सीप्झ या कारखान्यांच्या आवारांत उभ्या आहेत. ज्या वर्षीं तें देऊळ उभें राहिलें, त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला, म्हणजे शरद ऋतूंतच, तीस वर्षांचे स्टीफन्स गोव्याच्या बंदरांत उतरले.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत झाला. वडील व्यापारी असून खाऊनपिऊन सुखी होते. एक भाऊ रिचर्ड हा विद्वान होता व पुढें पॅरिसांत राहिला. त्या वेळीं इंग्लंडांत राणी एलिझाबेथ राज्य करीत होती. प्रॉटेस्टंट पंथ हा राजाचा पंथ झाला होता, आणि रोमन पद्धतीची उपासना करणें हा अपराध ठरला होता. थॉमस स्टीफन्स यांची निष्ठा जुन्या पंथावर होती. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांचे स्नेही होते. दोघांनीं रोमास जाऊन येशूसंघांत शिरावयाचें ठरविलें. संशय येऊं नये म्हणून स्टीफन्स पाउंडसाहेबांचे नोकर असल्याचें दाखवून त्यांच्याबरोबर हिंडत. निघण्याच्या सुमारास पाउंड पकडले गेले, आणि पुढें सुमारें तीस वर्षें ते या ना त्या तुरुंगांत राहिले. स्टीफन्स निसटले, रोमास पोहोंचले, व १५७५ च्या ऑक्टोबरांत संघांत दाखल झाले.

येथें लेखकास थोडें थांबावेंसें वाटतें. एका सज्जनाला त्याच्या उपासनेकरितां तीस वर्षें कोंडून ठेवणारें तें सरकार आपल्या पंथाचें होतें. हें आपण विसरूं नये. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें दुसऱ्या बाजूचें आहे, आणि एकच बाजू सांगणें हें सत्यास धरून होणार नाहीं.

१५७९ च्या ४ एप्रिलला स्टीफन्स लिस्बन शहराहून पांच जहाजांच्या तांड्याबरोबर निघाले. आफ्रिकेला वळसा घालून येण्यास साडेसहा महिने लागले. पाणी व अन्न संपत आलें, हिरड्या सुजून शरीर गळून जाणारा रोग जहाजावर पसरला, वाऱ्यानें व प्रवाहानें जहाज भलतीकडे नेलें. गोव्यास पोहोंचल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनीं वडिलांस पत्र लिहून प्रवासाची सविस्तर हकीकत कळविली. समुद्रांतले मासे, आकाशांतले पक्षी, वाऱ्यांच्या दिशा, होकायंत्राची सुई कोठें कशी वळते, असें सर्व त्यांत आहे. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें, आणि हिंदुस्थानच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या तिकडील व्यापाऱ्यांनीं तें आवडीनें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचेंच नांव सांगतात. ईस्ट इंडिया कंपनी त्यानंतर एकवीस वर्षांनीं निघाली. मात्र या पहिल्या इंग्रजास ना मिरीचा भाव ठाऊक होता ना लवंगांचा. दुसऱ्या वर्षीं त्यांस पाद्रीपणाची दीक्षा मिळाली, आणि लौकरच ते सासष्टींत गेले. मध्यंतरीं कांहीं काळ गोवा शहरांत व थोडा काळ वसईकडे काढला तेवढा सोडला, तर पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच वेंचलीं.

ते गेले तेव्हां सासष्टीची स्थिति काय होती? हा तालुका १५४३ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत आला होता, आणि १५६० पासून येशूसंघाचे पाद्री तेथें काम करीत होते. परंतु पाद्र्यांच्या पाठीशीं किल्लेदाराची तलवार होती. १५६७ च्या सुमारास राचोलच्या किल्लेदारानें सासष्टींतील शेंकडों देवळें पाडलीं व जाळलीं. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांच्या मूर्ति लोकांनीं याच काळांत नदीपलीकडे आदिलशाही मुलखांत फोंड्याकडे नेल्या. बाप वारलेल्या हिंदु मुलांस पाद्र्यांच्या हवालीं करण्याचे हुकूम सुटले होते. कोणी मनापासून ख्रिस्ती झाले, कोणी वतन राखण्याकरितां, कोणी भीतीनें. आणि एकाच घरांत हे तिन्ही प्रकार असत. आणखी एक गोष्ट झाली, ती इतिहासांत फारशी सांगितली जात नाहीं, पण खेड्यांतल्या माणसास तीच अधिक जाणवली असेल. जुनीं पुराणें बंद झालीं. १५६७ च्या धर्मसभेनें तीं वाचण्यास व बाळगण्यास मनाई केली. घरांतून पोथ्या काढून नेण्यांत आल्या. पावसाळ्याच्या दिवसांत, चातुर्मासांत, कापणी झाल्यावरच्या मोकळ्या रात्रींत गांव जमवून ज्या कथा ऐकल्या जात त्या गेल्या, आणि त्यांच्या जागीं लॅटिन भाषेंतील मिस्सा आणि पाठ करावयाचीं चार प्रश्नोत्तरें आलीं. देऊळ नवें मिळालें. पण त्या देवळांतून घरीं येतांना ओठांवर घोळेल असें कांहींच मिळालें नाहीं.

इंग्लंडांत आपल्या उपासनेस बंदी म्हणून जो मनुष्य पळाला, तो अशा ठिकाणीं येऊन पोहोंचला कीं जेथें त्याच्याच संघाच्या सांगण्यावरून दुसऱ्यांच्या उपासनेस बंदी होती. ही विसंगति स्टीफन्स यांस टोंचली असेल काय? त्यांच्या हातचें असें कांहीं आमच्या वाचण्यांत नाहीं, आणि आम्ही त्यांच्या तोंडीं तसें घालणार नाहीं. देवळें पाडण्याचा त्यांनीं निषेध केला असें म्हणणें म्हणजे थोर माणसास अधिक थोर करण्याचा खोटा उद्योग होईल. ते आपल्या काळाचे व आपल्या संघाचे होते. त्यांच्या पुराणांतही मूर्तिपूजेवर कडक टीका आहे.

या जबरदस्तीचें फळ लौकरच दिसलें. १५८३ च्या जुलै महिन्यांत रुदोल्फ आक्वाविवा नांवाचे तरुण पाद्री आणखी चार पाद्र्यांस घेऊन कुंकळ्ळी गांवीं देवळाकरितां जागा पाहावयास गेले. हे आक्वाविवा अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले, शांत स्वभावाचे पुरुष होते. पण कुंकळ्ळीच्या लोकांनीं आपलीं देवळें जळतांना पाहिलीं होतीं. त्यांनीं पांचही पाद्र्यांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं लोकांस ठार केलें. त्यांचे देह परत मिळवून मूठमाती देण्याच्या कामीं स्टीफन्स होते असें सांगतात. पुढें पोर्तुगीज अंमलदारांनीं कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस बोलणें करावयाचें आहे म्हणून असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांचा घात केला. रोमन मंडळीनें त्या पांच पाद्र्यांस हुतात्मे म्हणून मान दिला आहे. कुंकळ्ळीचे लोक आपल्या पुढाऱ्यांस तोच मान देतात, आणि गांवांत त्यांचें स्मारकही आहे.

त्यानंतर तीनच महिन्यांनीं, २४ ऑक्टोबरला, स्टीफन्स यांनीं पॅरिसांतील भावास पत्र लिहिलें. गोव्यास उतरल्यास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. त्या पत्रांत या देशच्या भाषांविषयीं त्यांनीं एक लहानशी नोंद केली आहे : या भाषा पुष्कळ आहेत, कानाला गोड लागतात, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या बहिणी आहेत असें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यांत जाहीर केलें तें १७८६ सालीं. म्हणजे या खेड्यांतल्या पाद्र्याच्या कानानें ही गोष्ट दोनशें वर्षें आधीं टिपली होती. सहकाऱ्यांस मूठमाती देऊन तीन महिने झाले नाहींत तों ज्याचा कान मारणाऱ्यांच्या भाषेंतली गोडी ऐकतो, त्याच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहात नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज ओर्मुझास पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. ते हेर आहेत असा संशय होता, आणि शिवाय ते प्रॉटेस्टंट. स्टीफन्स यांनीं खटपट केली, जामिनाची व्यवस्था करविली, आणि डिसेंबरांत त्यांस सोडविलें. ज्या पंथाच्या राज्यानें आपल्या मित्रास तुरुंगांत घातलें, त्याच पंथाच्या माणसांस तुरुंगांतून काढावयास ते धांवले. फिचसाहेब पुढें निसटून अकबराच्या मुलखांतून ब्रह्मदेशापर्यंत गेले व आठ वर्षांनीं इंग्लंडास पोहोंचले; आपल्या सुटकेचें श्रेय त्यांनीं मोकळ्या मनानें स्टीफन्स यांस दिलें आहे.

असो. आतां ज्या कामामुळें त्यांचें नांव राहिलें त्याकडे वळूं.

त्या काळच्या पाद्र्याचा मुख्य दिवस रविवार. सकाळीं मिस्सा, नंतर मुलांस धर्माचे धडे. एका रविवारीं असा वर्ग चालला असतां एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण तेथें आला, आणि त्यानें विनंति केली ती स्टीफन्स यांनीं आपल्या पुराणाच्या आरंभींच नोंदून ठेविली आहे. तिचा आशय असा : हे धडे चांगले आहेत, पण आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, त्यांच्याऐवजीं तशींच कांहीं पुराणें आम्हांस द्या, म्हणजे आमचा वेळ चांगला जाईल व मनही रमेल. या विनंतींत गाऱ्हाणें आहे, आणि तें गाऱ्हाणें स्टीफन्स यांनीं झांकून ठेविलें नाहीं, ग्रंथाच्या दारांतच लिहून ठेविलें. लेखकाच्या मतें त्यांच्या प्रामाणिकपणाची याहून मोठी खूण नाहीं. मागणारा कोणी अडाणी नव्हता. आपल्या लोकांस कशाची भूक आहे हें तो ओळखून होता.

ती भूक भागवावयाची तर प्रथम तें अन्न चाखून पाहावयास पाहिजे. येशूसंघाच्या पाद्र्यांनीं आपल्या लोकांकडून रामायण-महाभारतांतील मराठी व कोंकणी कथा रोमी अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या. त्यांचीं हस्तलिखितें पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आजही आहेत. ज्या पोथ्या लोकांच्या घरांतून काढून नेल्या, त्याच पाद्र्यांनीं मेजावर ठेवून अभ्यासिल्या. ही गोष्ट विचित्र खरी, पण तिच्यावांचून पुढचें कांहीं झालें नसतें. इकडे देशावर त्याच काळांत एकनाथ महाराज पैठणास होते. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ओवी ही त्या वेळीं घरोघर जिवंत होती. विल्टशायरच्या माणसानें तीच उचलली.

वर्षानुवर्षें काम करून त्यांनीं जो ग्रंथ रचला तो आतां क्रिस्तपुराण या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत उत्पत्तीपासून आदाम व एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, असा जुना करार येतो. दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, त्यांचीं कृत्यें, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. अध्यायास ते अवस्वरू म्हणतात. पहिल्यांत छत्तीस व दुसऱ्यांत एकोणसाठ मिळून पंचाण्णव अवस्वरू होतात. आरंभीं जुन्या कवींप्रमाणें नमन आहे, मात्र तें पित्यास, पुत्रास व पवित्र आत्म्यास. देवाच्या निवासस्थानास वैकुंठ म्हणावयास ते कचरत नाहींत. हा शब्द ऐकतांच सासष्टीच्या शेतकऱ्यास कळे कीं कोठल्या जागेविषयीं बोलणें चाललें आहे. आमच्या कांहीं बंधूंस असे शब्द खटकतात. खटकोत, परंतु ज्यास दुसरा शब्दच ठाऊक नाहीं त्याच्याशीं बोलावें कसें, याचें उत्तर त्यांनीं द्यावें.

भाषेविषयीं त्यांचा निर्णय विचार करण्याजोगा आहे. सासष्टींत घरीं कोंकणी बोलत, पण पुराणें व कीर्तनें मराठींत ऐकत. म्हणून त्यांनीं मराठी निवडली. आणि शुद्ध मराठी साध्या लोकांस अवघड जाते म्हणून तींत घरगुती कोंकणी शब्द मिसळले. हें आपण मुद्दाम केलें असें त्यांनींच नमूद केलें आहे. मराठीची स्तुति त्यांनीं फुलें, सुगंध, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा देऊन केली आहे; त्या ओव्या आज शाळांतील मुलांच्याही कानांवरून गेलेल्या असतात. पण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं ही स्तुति सभेंत टाळ्या घेण्याकरितां केलेली नव्हती. ज्या राज्यांत पोर्तुगीज भाषेवांचून मोठेपणा नाहीं, त्या राज्यांत एक पाद्री शेतकऱ्यांच्या भाषेस रत्नाची उपमा देत होता.

बोलीकरितां त्यांनीं वेगळीं पुस्तकें केलीं. कोंकणींत ख्रिस्ती शिक्षणाचीं प्रश्नोत्तरें लिहिलीं, आणि कोंकणीचें व्याकरण लिहिलें. तीं दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर राचोलास छापलीं गेलीं, पहिलें १६२२ सालीं व दुसरें १६४० सालीं. व्याकरणांत दिओगो रिबेरो या पाद्र्यांनीं भर घातली होती.

पुराण देशी अक्षरांत छापावें अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमास संघाचे मुख्य क्लॉदिओ आक्वाविवा यांस या बाबतींत पत्र लिहिलें. हे मुख्य म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे चुलते. अडचण अशी कीं युरोपांत चोवीस अक्षरांचे ठसे केले कीं काम भागतें, पण या लिपींत काने, मात्रा, जोडाक्षरें मिळून सुमारें सहाशें ठसे लागतात. तीं कमी करून दोनशेंवर आणतां येतील असा उपाय त्यांनीं सुचविला होता. छापखान्यांत काम केलेले आमचे जे वाचक असतील त्यांस ही अडचण चांगली समजेल; आमच्या अमेरिकन मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं मराठी अक्षरें पाडलीं, जावजी दादाजी त्यांच्या हाताखालीं शिकले व मग त्यांनीं निर्णयसागर काढला, ती सगळी मेहनत याच अडचणीची होती. स्टीफन्स यांची विनंति मात्र फळास आली नाहीं. शेवटीं १६१६ सालीं क्रिस्तपुराण राचोलास रोमी अक्षरांत छापलें गेलें. ओवी मराठी आणि वेष फिरंगी, असें तें पुस्तक बाहेर पडलें.

लोकांनीं तें वाचलें म्हणण्यापेक्षां ऐकलें म्हणावें. रविवारीं व सणावारीं मिस्सा झाल्यावर देवळांत कोणी तरी पुढें बसून ओव्या म्हणे, मंडळी ऐके, आणि ज्यांस अक्षरओळख नाहीं तेही पाठ करीत. कापणीच्या दिवसांत थकून आलेल्या कुळंब्यास लॅटिन कळत नव्हतें. पण एस्तेर राणीनें आपले लोक कसे वांचविले, प्रभूनें पांच भाकरींत हजारों माणसें कशीं जेवविलीं, हें त्यास आपल्या आजीच्या चालींत ऐकावयास मिळूं लागलें. १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापावें लागलें, यावरून त्याची मागणी दिसते. पण दुसरी आवृत्ति पाहावयास कर्ते राहिले नव्हते. १६१९ सालीं, सत्तरीच्या घरांत, थॉमस स्टीफन्स गोव्यांत वारले. विलायतेस ते परत एकदांही गेले नाहींत.

आतां पुस्तकाची कथा. १६८४ च्या जून महिन्यांत गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. भाषा हुकमानें सुटत नाहीं, पण छापखान्यांचें तोंड हुकमानें बंद होतें. क्रिस्तपुराण पुन्हां छापलें गेलें नाहीं. पूर्वीं छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हातीं लागलेली नाहीं. ज्या राज्यानें हिंदूंचीं पुराणें बंद केलीं, त्याच राज्याच्या भाषेविषयींच्या धोरणानें ख्रिस्ती पुराणही मिटलें.

तें राहिलें तें लोकांनीं राखलें म्हणून. सासष्टी व बारदेश येथून कित्येक ख्रिस्ती कुटुंबें कानडा मुलखांत मंगळूराकडे जाऊन राहिलीं. कोणी दुष्काळ व सांथींमुळें गेले, कोणी लढायांमुळें, कोणी इन्क्विझिशनच्या धाकानें. त्यांनीं पुराणाच्या हातीं लिहिलेल्या प्रती बरोबर नेल्या, जुन्या झाल्या तेव्हां नव्या उतरून काढल्या, आणि घरीं व देवळांत म्हणत राहिले. त्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास तें छापलें, तेव्हां विद्वानांस त्याचा ठावठिकाणा लागला. हें छापणेंही रोमी अक्षरांतच झालें.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस जवळची वाटेल. आमच्या मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट हे निवृत्त झाल्यावर महाराष्ट्रांतील संतकवींचे ग्रंथ इंग्रजींत आणण्यांत गढले होते. लंडनच्या प्राच्यविद्येच्या विद्यालयांत विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतील कांहीं मराठी पोथ्या पडून होत्या. त्या क्रिस्तपुराणाच्या असून देवनागरी अक्षरांत आहेत असें अ‍ॅबटसाहेबांनीं १९२३ च्या सुमारास एका लेखांत दाखविलें. मूळ ग्रंथ देवनागरींतच लिहिला गेला होता असें त्यांचें मत पडलें. यावर पंडितांत वाद आहे, कारण त्या पोथीची भाषा छापील पुराणापेक्षां अधिक संस्कृत आहे. तो वाद त्यांच्याकडे सोंपवूं. येशूसंघाच्या एका पाद्र्याचें पुराण अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानें धूळ झटकून वर काढावें, हें आम्हांस तरी पुरेसें आहे.

पुढें शांताराम बंडेलू यांनीं सर्व ओव्या देवनागरींत उतरवून काढल्या, आणि १९५६ सालीं पुण्यास प्रसाद प्रकाशनानें तें पुस्तक छापलें. पाद्रीसाहेबांनीं ठशांविषयीं रोमास पत्र लिहिल्यास तेव्हां ३४८ वर्षें झालीं होतीं.